नोंदवही कोणाच्या हाती?

आमच्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सभासदांच्या घरांत उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख असावा, अशी विश्वस्त मंडळाची इच्छा. त्यासाठी आम्ही जो विषय निवडला आहे तो वरवर पाहता धर्मादाय कार्यापासून दूरचा वाटेल. इंटरनेटवरून होणारी चित्रपटांची व पुस्तकांची चोरी, ती रोखण्यासाठी चाललेली खटपट, आणि त्या खटपटीत सामान्य कुटुंबाच्या खाजगी जीवनाचे काय होते, हा तो विषय होय. परंतु ‘न्यास’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘विश्वासाने सोपविलेली ठेव’ असा आहे. उर्दूत तिलाच अमानत म्हणतात, आणि आपल्या हैदराबादेत हा शब्द मराठी घरांनाही परका नाही. आज आपल्या प्रत्येकाची अशी एक ठेव इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीजवळ पडून आहे. ती कोणती, ती कोणी व केव्हा उघडावी, आणि चोर पकडण्याच्या कामी तिचा उपयोग कसा व्हावा, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

चोरी कशी होते व कोणाची होते

आरंभ आपल्याच शहरापासून करू. हैदराबाद हे तेलुगू चित्रपटसृष्टीचे माहेरघर. हजारो कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते. केवळ नटनटीच नव्हेत, तर दिवे धरणारे, कपडे शिवणारे, सुतारकाम करणारे, चित्रपटगृहात तिकिटे फाडणारे, असे सर्वच त्यात आले. २०१३ साली ‘अत्तारिंटिकी दारेदी’ या चित्रपटाचा मोठा भाग प्रदर्शनापूर्वीच बाहेर फुटला, तेव्हा या चोरीचे नवे रूप पुष्कळांच्या प्रथम ध्यानात आले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस हैदराबादच्या सायबर गुन्हे पोलिसांनी एक मोठी टोळी उघडकीस आणली. चोरीचे दोन मार्ग त्या वेळी सांगण्यात आले. एक जुना, म्हणजे चित्रपटगृहात बसून मोबाइलने चित्रण करावयाचे. दुसरा नवा, म्हणजे चित्रपटगृहांकडे ज्या संगणकयंत्रणेतून चित्रपट पाठविला जातो तिच्यातच शिरकाव करून मूळ प्रत लांबवावयाची. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘आयबोम्मा’ या नावाच्या संकेतस्थळाच्या कथित चालकास कुकटपल्लीत अटक झाली. तेलुगूत ‘बोम्मा’ म्हणजे चित्र, आणि बोलीत सिनेमा. हजारो चित्रपटांचा साठा हाती लागल्याचे पोलिसांनी सांगितले. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम असल्याने व्यक्तीविषयी आम्ही काहीही म्हणत नाही.

त्या अटकेनंतर एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी घडली. अनेक लोकांनी उघडपणे आरोपीची बाजू घेतली. तिकिटे गरिबाच्या आवाक्याबाहेर गेली, मग कोणी फुकट चित्रपट दाखविला तर त्यात पाप ते काय, असे त्यांचे म्हणणे. तिकिटांच्या दरांबद्दलची तक्रार खोटी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पुष्पा २’ च्या आदल्या रात्रीच्या खास खेळासाठी तिकिटावर ८०० रुपयांपर्यंत वाढ करण्यास तेलंगणात परवानगी मिळाली होती. चार माणसांच्या कुटुंबाने हा खर्च कोठून करावा? तथापि, एखादी वस्तू महाग आहे म्हणून ती चोरून आणणारा दाता ठरत नाही. बाजारात तांदूळ महाग झाला म्हणून दुसऱ्याचे कोठार फोडणाऱ्यास आपण अन्नदाता म्हणत नाही.

शिवाय ही चोरी मोठ्यांचीच होते, हा समजही भ्रामक आहे. अर्न्स्ट अँड यंग व इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, भारतातील या चोरट्या व्यवहाराची २०२३ सालची उलाढाल २२,४०० कोटी रुपये असल्याचा अंदाज दिला आहे. मोठा निर्माता असा फटका कदाचित सोसू शकेल. परंतु हजार-अकराशे प्रती काढणारा मराठी प्रकाशक, किंवा वर्षानुवर्षे खपून एखादा कोश सिद्ध करणारा लेखक यांचे काय? पुस्तक बाजारात येताच त्याची पीडीएफ प्रत व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरू लागते, आणि ती पुढे पाठविणारा मनुष्य बहुधा वाचनाचा खरा प्रेमी असतो! आपण ज्ञानाचा प्रसार करीत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात पुढचे पुस्तक छापण्याचे बळच तो काढून घेत असतो.

आणि फुकट मिळालेला हा चित्रपट तरी खरोखर फुकट असतो काय? वर सांगितलेल्या प्रकरणात सुमारे ५० लाख लोकांची वैयक्तिक माहिती त्या संकेतस्थळाच्या चालकाजवळ जमा झाली होती, आणि प्रेक्षकांस सट्ट्याच्या जाहिरातींकडे वळविले जात होते, असे पोलिसांनी सांगितले. ज्याने निर्मात्याचा चित्रपट चोरला, तो प्रेक्षकाचे नावगाव प्रामाणिकपणे जपेल, असे मानण्यास काय आधार आहे?

नोंदवहीत काय असते

आता इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडे वळू. तिचे काम पोस्टमनसारखे आहे. पोस्टमन बंद पाकीट नेतो. आतला मजकूर त्यास दिसत नाही, पण कोणाचे पत्र कोणाकडे व कोणत्या दिवशी गेले हे त्यास कळते. त्याचप्रमाणे आजची बहुतेक संकेतस्थळे मजकूर सांकेतिक लिपीत बांधून पाठवीत असल्याने आपण काय वाचले हे कंपनीस सहसा दिसत नाही. परंतु आपण कोणत्या स्थळी गेलो, किती वाजता गेलो, किती वेळ थांबलो, हे तिला कळू शकते. एखाद्या घरातून मध्यरात्री कर्करोगाविषयीच्या स्थळाला, कर्ज देणाऱ्या स्थळाला किंवा घटस्फोटाचा सल्ला देणाऱ्या स्थळाला वारंवार भेट दिली जाते, एवढे जरी शेजाऱ्यास कळले तरी त्या घराची अब्रू किती उरेल? पाकीट न उघडताही पत्ता पुष्कळ काही सांगून जातो.

इंटरनेटशी जोडलेल्या प्रत्येक जोडणीस एक क्रमांक मिळतो. त्यास आयपी क्रमांक म्हणतात. अमुक वेळी अमुक क्रमांक कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद कंपनी ठेवते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने परवान्याच्या अटी बदलून अशा नोंदी एक वर्षाऐवजी किमान दोन वर्षे जपण्याचे बंधन घातले. हीच ती नोंदवही. चित्रपट पसरविणाऱ्याचा क्रमांक तक्रारदारास सापडू शकतो. परंतु त्या क्रमांकामागचे नाव व घराचा पत्ता एकट्या कंपनीलाच ठाऊक असतो. म्हणून चोरीचा शोध घेणारा प्रत्येकजण अखेर या नोंदवहीपाशीच येऊन थांबतो.

येथे एक अडचण आहे. जुन्या पद्धतीचे एकूण क्रमांक सुमारे ४३० कोटी. जगातील माणसे व यंत्रे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून कंपन्या एकच क्रमांक एकाच वेळी अनेक घरांस वाटून देतात. वाडा एक आणि बिऱ्हाडे अनेक, असा हा प्रकार आहे. पत्रावर नुसते वाड्याचे नाव असेल आणि खोलीचा क्रमांक नसेल तर ते कोणत्या बिऱ्हाडी द्यावे? त्यासाठी मूळ क्रमांकाबरोबर त्याचा उपक्रमांक व अचूक वेळ लागते. परदेशातील यंत्रे पुष्कळदा ग्रीनिचप्रमाणे वेळ नोंदवितात आणि आपले घड्याळ त्यापुढे साडेपाच तास असते. हा हिशेब करताना कोणाची चूक झाली तर पोलीस निरपराध्याच्या दारात उभे राहतात.

आकड्याची चूक आणि माणसाचे हाल

हे केवळ कल्पनेचे भय नव्हे. २००७ साली ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारे चित्र कोणीतरी टाकले. महाराजांविषयी महाराष्ट्राच्या भावना किती उत्कट आहेत हे सांगावयास नको. पुणे पोलिसांनी चित्र टाकणाऱ्याचा आयपी क्रमांक मिळविला व इंटरनेट कंपनीकडे त्यामागचे नाव मागितले. कंपनीने बंगळूरच्या एका तरुण संगणक-तंत्रज्ञाचे नाव दिले. पोलिसांनी त्यास घरातून उचलून पुण्यास आणले आणि सुमारे ५० दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. पुढे निष्पन्न झाले ते असे, की कंपनीने दिलेले नावच चुकीचे होते! या तरुणाचा त्या चित्राशी काडीचाही संबंध नव्हता.

या प्रकरणात हेतू वाईट कोणाचाच नव्हता. गुन्हा खरा होता, लोकांचा संताप खरा होता, तपास आवश्यक होता. तरीही एका ओळीच्या चुकीने एका घरावर आकाश कोसळले. नोंदवही उघडताना कोणी तिसऱ्याने ती पडताळून पाहिली असती तर कदाचित हे टळले असते.

दुसरे उदाहरण नवी मुंबईचे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्या वेळी वृत्तसंस्थांकडे गेलेला ईमेल सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरच्या वायफायवरून पाठविला गेल्याचे दिसून आले. त्याची कसून चौकशी झाली. परक्या कोणीतरी त्याच्या वायफायचा गैरवापर केला, असे पुढे मानले गेले. म्हणजे नोंदवही अचूक असली तरी ती जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच सांगते. त्या घटकेस यंत्रापुढे कोण बसले होते हे ती सांगू शकत नाही. आपल्या घरात एक जोडणी आणि तीवर आजोबांपासून नातवापर्यंत सातआठ यंत्रे, शिवाय पाहुण्यांची वेगळी. बिल ज्याच्या नावावर तोच गुन्हेगार, असे गणित मांडले तर किती सभासद सुटतील?

अमेरिकेचा अनुभव

या प्रश्नाचा पहिला मोठा झगडा अमेरिकेत झाला. तेथील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने गाणी उतरवून घेणाऱ्यांची नावे इंटरनेट कंपन्यांकडे मागण्यास सुरुवात केली. त्यांनी १९९८ च्या एका कायद्याचा आधार घेतला होता. त्याप्रमाणे न्यायाधीशासमोर प्रकरण न नेता, न्यायालयाच्या कारकुनाकडून मागणीपत्र घेऊन नाव मिळविता येई. व्हेरायझन या कंपनीने असे नाव देण्यास नकार दिला व ती न्यायालयात गेली. दरम्यान सप्टेंबर २००३ मध्ये संघटनेने पहिले २६१ दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधील एक १२ वर्षांची मुलगी निघाली. तिच्या घरच्यांस २,००० डॉलर भरून तडजोड करावी लागली. मॅसॅच्युसेट्समधील एका साठी उलटलेल्या शिल्पकार बाईंवर रॅप गाणी उतरविल्याचा आरोप आला. त्यांच्या संगणकावर तसली प्रणाली चालणेच शक्य नव्हते. तो दावा संघटनेस मागे घ्यावा लागला. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने व्हेरायझनच्या बाजूने निर्णय दिला आणि कारकुनी मागणीपत्राची ही वाट बंद झाली.

यावरून चोरांना संरक्षण मिळाले असे कोणी समजू नये. कंपन्यांना दावा लावण्याची मुभा राहिलीच. फरक एवढाच झाला, की नाव हवे असेल तर आधी न्यायाधीशापुढे उभे राहून कारण सांगावे लागू लागले. खाजगी व्यापाऱ्याने खाजगी माणसाचे दार स्वतःच्या चिठ्ठीवर उघडू नये, एवढाच या निर्णयाचा बोध होय.

आपल्या न्यायालयांनी दाखविलेली वाट

आपल्याकडे लेखकाच्या हक्काचे रक्षण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने होते. चित्रपटांसाठी २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन, चोरून चित्रण करणाऱ्यास व ते पसरविणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि तीन लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठरविण्यात आला. कायदा कडक आहे. आता तो कसा वापरावा हे न्यायालयांनी हळूहळू स्पष्ट केले आहे, आणि तो इतिहास सुज्ञ वाचकांस उद्बोधक वाटेल.

२०१२ साली मद्रास उच्च न्यायालयाने काही चित्रपटांच्या रक्षणासाठी, ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशा व्यक्तींविरुद्ध मनाई हुकूम दिले. इंटरनेट कंपन्यांनी त्याचा अर्थ इतका सैल घेतला की, चोरीची एक चित्रफीत कोठे असेल म्हणून सबंध संकेतस्थळेच बंद केली. त्यांवर निरपराध लोकांचे काम होते तेही बंद पडले. जूनमध्ये न्यायालयाने खुलासा केला, की बंदी ही ज्या नेमक्या पत्त्यावर चोरीचा माल आहे त्यापुरतीच घालावी. २०१६ साली ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी पुरावा तपासल्याविना सरसकट बंदी देण्यास नकार दिला. बंद केलेल्या पानावर लोकांस कारण कळले पाहिजे व दाद मागण्याची जागा मिळाली पाहिजे, असेही सांगितले. त्याच प्रकरणात त्यांनी हेही स्पष्ट केले, की नुसते पाहणे हा कॉपीराइट कायद्याखालचा गुन्हा नसून गुन्हा पसरविण्यात, जाहीर दाखविण्यात व विकण्यात आहे. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, ज्यांचा मुख्य धंदाच चोरीचा आहे अशी स्थळे पूर्ण बंद करण्यास व त्यांनी नाव बदलून पुन्हा दुकान मांडल्यास तेही बंद करण्यास मार्ग मोकळा केला. चोर वेष बदलतो म्हणून कायद्यानेही थोडे चपळ व्हावे, हे योग्यच झाले.

मात्र आम्हां शिक्षकांस सर्वांत जवळचा वाटणारा निर्णय ३० ऑगस्ट २०२२ चा आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या व शिकवण्या घेणाऱ्या एका शिक्षिकेची टिपणे आणि पाठांच्या चित्रफिती टेलिग्रामवरील अनेक वाहिन्यांतून परस्पर वाटल्या जात होत्या. एक वाहिनी बंद केली की दुसरी उभी राही. चालविणाऱ्यांची नावे सांगण्यास टेलिग्रामने ग्राहकांच्या खाजगीपणाचे कारण पुढे करून नकार दिला. आमचे यंत्रघर सिंगापुरात आहे, तेथील कायद्याने आम्ही बांधलेले आहोत, असेही म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. खाजगीपणाचा हक्क हा चोरीचे पांघरूण होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. पण त्याबरोबरच न्यायालयाने काय केले तेही पाहावे. नावे बंद लिफाफ्यात मागविली, ती त्या खटल्यापुरतीच वापरण्याची अट घातली आणि ती इतरत्र उघड करण्यास मनाई केली. त्या शिक्षिकेस न्याय मिळण्याची वाट मोकळी झाली आणि नोंदवहीची इतर पाने मिटलेलीच राहिली. आमच्या मते चोर पकडण्याची हीच खरी रीत आहे.

या साऱ्यामागे मूळ तत्त्व सर्वोच्च न्यायालयाचे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो अमर्याद नाही. परंतु त्यावर मर्यादा घालावयाची तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा, आणि उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा. उंदीर मारण्यासाठी घर जाळू नये, असे आपल्या आया-आज्या म्हणत आल्या, त्याचेच हे कायद्याच्या भाषेतील रूप!

अर्थात सर्व काही ठीक झाले आहे असे नाही. आज पोलीस ठाण्याचा अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ अन्वये लेखी आदेशाने तपासासाठी माहिती मागवू शकतो. त्यास दर वेळी न्यायाधीशाची संमती लागत नाही. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांतील बहुतेक बंधने अंमलात येण्यास तेथून अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणून नागरिकांनी स्वस्थ न बसता एवढी अपेक्षा स्पष्टपणे बोलून दाखविली पाहिजे: खाजगी कंपनीस नाव मिळावे ते न्यायालयाच्याच आदेशाने, पोलिसांस मिळावे ते नोंद ठेवून व वेळ-क्रमांक दोनदा ताडून, आणि नुसत्या क्रमांकावरून, दुसरा पुरावा नसताना, कोणासही कोठडीत टाकले जाऊ नये.

आपल्या घरी व आपल्या न्यासात

कायद्याची चर्चा झाली. आता घरात काय करावे ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, चोरीचा चित्रपट किंवा पुस्तकाची पीडीएफ कोणी पाठविली तर ती आपल्यापाशीच थांबवावी. पुढे पाठविणारा हाच पसरविणारा. याचा अर्थ वाचन बंद करावे असा नव्हे. आबिद्सच्या रविवारच्या बाजारातून जुने पुस्तक विकत घेण्यात काहीही गैर नाही; त्या प्रतीची किंमत लेखकास एकदा पोचलेली असते. ग्रंथालये आहेत. मराठी विश्वकोश सर्वांसाठी खुला आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचे मूळ लेखन कोणीही प्रसिद्ध करू शकतो. शिवाय स्वतःच्या अभ्यासासाठी व वर्गात शिकविण्यासाठी उताऱ्यांचा वाजवी उपयोग करण्यास कायदाच सवलत देतो. गरीब विद्यार्थ्यास चोरीवाचूनही पुष्कळ मिळू शकते. ते कोठे मिळते हे दाखविणे मोठ्यांचे काम आहे.

दुसरी गोष्ट, घरच्या वायफायला बळकट परवलीचा शब्द असावा, आणि तो इमारतीतील सर्वांस वाटू नये. सानपाड्याचे उदाहरण ध्यानात ठेवावे. फुकट चित्रपटाच्या आमिषाने मोबाइलवर अनोळखी ॲप चढवू नये. ते संदेश व बँकेचे आकडे वाचण्याची परवानगी मागते आणि आपण न वाचता ‘होय’ म्हणतो. पैशाची फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पुष्कळ तरुण व्हीपीएन वापरतात. त्यामुळे इंटरनेट कंपनीस काही दिसेनासे होते हे खरे. पण मग तीच माहिती व्हीपीएनवाल्यास दिसू शकते. ठेव एका हातातून दुसऱ्या हातात गेली, इतकेच. ज्याचे नाव, गाव व मालक ठाऊक नाही, त्याच्याकडे ती सोपवू नये.

तिसरी गोष्ट, तुमच्या क्रमांकावरून गुन्हा झाला आहे, असे दूरध्वनीवर सांगून कोणी पैसे मागितले तर घाबरू नये. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. खरी नोटीस लेखी असते, तीवर अधिकाऱ्याचे नाव व प्रकरणाचा क्रमांक असतो. ती आली तर मात्र दडवून न ठेवता वकिलास दाखवावी.

चौथी व शेवटची गोष्ट आपल्या न्यासाविषयी. आपल्याजवळही एक नोंदवही आहे. शिष्यवृत्ती घेणारी मुले, औषधोपचारास मदत मागणारे रुग्ण, महिन्याचे धान्य नेणाऱ्या विधवा भगिनी यांची नावे, पत्ते, आधार क्रमांक तीत आहेत. मदत घेताना मनुष्य आपली अडचण आपल्यापुढे उघडी करतो, ती सर्व गावापुढे नव्हे. म्हणून मदत वाटपाची छायाचित्रे व याद्या व्हॉट्सॲपवर टाकण्याचा मोह आपण आवरावा. देणाऱ्याचे नाव हवे तर जरूर छापावे. घेणाऱ्याचे नाव कपाटात असावे, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे हे विश्वस्तांच्या ठरावात नमूद असावे. इंटरनेट कंपनीकडून आपण ज्या सचोटीची अपेक्षा करतो, ती आधी आपल्या कार्यालयात दिसावी.

चोरीस थारा न देणे आणि ठेवीस हात न लावणे ही दोन्ही एकाच प्रामाणिकपणाची अंगे आहेत. लेखकाचा ग्रंथ ही त्याची ठेव, नागरिकाचे खाजगी जीवन ही त्याची ठेव. ज्या समाजात दोन्ही सुरक्षित राहतील, त्यात विद्याही वाढेल व अब्रूही राहील. सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी आपल्या न्यासाच्या घराघरांत या विषयाचा विचार व्हावा, मुलांशी त्याची चर्चा व्हावी, आणि पुढील पन्नास वर्षांतही आपल्या नोंदवहीवर कोणाचा अविश्वास येऊ नये, हीच आमची मनःपूर्वक सदिच्छा.